आतड्याच्या सुजेत नायट्रिक ऑक्साइड मोजायचंय? ग्रीस रिएजंट नीट कसं वापरायचं आणि त्या गुलाबी रंगाचा अर्थ काय लावायचा

एमएस्सी बायोटेक, मायक्रो नाहीतर एमफार्मचं डिसर्टेशन आलं की आपल्याकडे एक विषय दरवर्षी हमखास असतो, अमुक वनस्पतीचा अर्क घ्या, आतड्याच्या सुजेच्या मॉडेलवर टाका आणि "नायट्रिक ऑक्साइड कमी झालं" असं दाखवा. ग्रीस रिएजंट (नायट्राइट असलं की गुलाबी होणारं रसायनांचं मिश्रण) स्वस्त, अर्ध्या तासात गुलाबी रंग दिसतो, प्लेट रीडर कुठे ना कुठे मिळतोच, म्हणून सगळे तेच करतात. करा की, हरकत काहीच नाही. पण बऱ्याच थिसिसमध्ये आकडा एका गोष्टीचा असतो आणि निष्कर्ष भलत्याच गोष्टीचा काढलेला असतो, मग व्हायवाला एक्स्टर्नल शांतपणे विचारतो "कमी झालं ते चांगलंच झालं हे कशावरून?" आणि पोरगं गाइडच्या तोंडाकडे बघत बसतं. त्यामुळे खाली प्रोटोकॉल देतोय, पण त्याच्या आधी आणि नंतर जे लिहिलंय ते वगळून थेट रेसिपीवर उडी मारू नका प्लीज.

आधी हे डोक्यात फिट करा की नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे एनओ, हा सुजेतून तयार होणारा कचरा नाही. आपलं शरीर तो मुद्दाम बनवतं, एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून, ऑक्सिजन आणि एनएडीपीएच वापरून, आणि बाजूला सिट्रुलिन उरतं. बनवणारी एन्झाइम तीन, त्यांना नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, थोडक्यात नॉस म्हणतात. एन-नॉस मज्जापेशींमधलं, आतड्याच्या भिंतीतले स्नायू सैल पडायला लागतात त्यात याचा हात असतो. ई-नॉस रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातलं, रक्तपुरवठा नीट ठेवतं (रक्तवाहिन्यांना सैल करणारा सिग्नल म्हणजे हाच एनओ, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना). ही दोन्ही कॅल्शियम वाढलं की चालू, उतरलं की बंद, आणि एनओ सोडतात तो थोडा थोडा. तिसरं आय-नॉस. हे एरवी फारसं नसतंच, पण टीएनएफ, इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्यूकिन-१ बीटा असले सुजेचे सिग्नल (सायटोकाइन) किंवा बॅक्टेरियाचं एलपीएस (त्यांच्या बाहेरच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड) आलं की पेशी त्याचं जीन चालू करते, आणि एकदा बनलं की त्याला कॅल्शियमची वाट बघावी लागत नाही, तासन् तास भरपूर एनओ ओतत राहतं. आतड्याच्या सुजेत वाढतो म्हणतात तो एनओ मुख्यतः या तिसऱ्याचा. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) पेशंटमध्ये तर आतड्याच्या आतल्या थरातल्या एपिथेलियल पेशीच आय-नॉस भरभरून बनवताना दिसतात, फक्त मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) नाही.

किती वाढतो? १९९४ साली स्वीडनच्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या पोकळीतला गॅस काढून त्यातला एनओ थेट मोजला होता, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तो निरोगी लोकांच्या शंभरपटीहून जास्त निघाला. म्हणजे विषय फुसका नाहीये.

आता मुद्द्याचं. तुम्ही प्लेटमध्ये एनओ मोजतच नाही. एनओ पेशीबाहेर काही सेकंद टिकतो. मीडियममध्ये (पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात) तो ऑक्सिजनशी भिडून नायट्राइट होतो, रक्त असेल तर ऑक्सिहिमोग्लोबिनशी भिडून नायट्रेट होतो, आणि सुपरऑक्साइड भेटला तर पेरॉक्सिनायट्राइट होतो, जो खरा नुकसान करणारा गडी. ग्रीस रिएजंटला यातलं फक्त नायट्राइट दिसतं. नायट्रेट दिसत नाही, पेरॉक्सिनायट्राइट दिसत नाही, एनओ तर नाहीच. म्हणून थिसिसमध्ये ग्राफच्या उभ्या अक्षावर "एनओ" लिहू नका, "नायट्राइट (मायक्रोमोलर)" लिहा, एवढ्याने निम्मे प्रश्न टळतात.

रिएजंटची रेसिपी सोपी आहे आणि रेडिमेड किटची खरंच गरज नाही. पहिली बाटली: ५ टक्के फॉस्फोरिक ॲसिडमध्ये १ टक्का सल्फॅनिलामाइड. दुसरी बाटली: पाण्यात ०.१ टक्के नॅफ्थिलइथिलीनडायअमिन डायहायड्रोक्लोराइड, लॅबमध्ये सगळे एनईडी म्हणतात तेच. दोन्ही फ्रिजमध्ये, फॉइल गुंडाळून. एनईडी तपकिरी पडलं की सरळ फेका, "अजून चालेल" करत बसू नका. बऱ्याच लॅबमध्ये दोन्ही आधीच एकत्र करून टाकतात, तेही चालतं, पण आधी सल्फॅनिलामाइड आणि मग एनईडी असं एकामागोमाग टाकलं तर रंग जास्त चांगला येतो, कारण ॲसिडमध्ये नायट्राइट आधी सल्फॅनिलामाइडशी डायझोनियम बनवतं आणि ते एनईडीला जोडलं गेलं की गुलाबी-जांभळा अझो डाय तयार होतो. ही रिॲक्शन १८७९ ची आहे बरं का, पीटर ग्रीस नावाचा जर्मन केमिस्ट, इंग्लंडमध्ये बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता.

स्टँडर्डसाठी सोडियम नायट्राइट, ६९ मिलिग्रॅम १० मिली पाण्यात म्हणजे ०.१ मोलर. त्याला हजारपट पातळ केलं की १०० मायक्रोमोलर. तिथून निम्मं-निम्मं करत ५०, २५, १२.५, ६.२५, ३.१३, १.५६ आणि एक शून्य. आणि इथे सगळ्यात जास्त लोक शॉर्टकट मारतात: स्टँडर्ड पाण्यात बनवतात आणि सॅम्पल असतं मीडियममध्ये. असं करू नका. स्टँडर्डचं डायल्यूशन त्याच मीडियममध्ये, त्याच सीरम टक्केवारीत करा, सॅम्पल पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफरचं खारं पाणी) असेल तर पीबीएसमध्ये. दर प्लेटला नवी स्टँडर्ड कर्व्ह, मागच्या महिन्यातली चालवायची नाही.

मग ९६ वेलच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटर सॅम्पल, ५० मायक्रोलिटर सल्फॅनिलामाइड, अंधारात ५ ते १० मिनिटं, मग ५० मायक्रोलिटर एनईडी, परत ५ ते १० मिनिटं अंधारात, आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग. अर्ध्या तासाच्या आत वाचा, नंतर रंग उतरायला लागतो. सगळं ट्रिप्लिकेटमध्ये. बुडबुडे सुईने फोडा, बुडबुड्यामुळे एक वेल वर उडतो आणि मग लोक आउटलायर म्हणून खोडतात, मग सवयच लागते खोडायची.

हिशोब उदाहरणादाखल: ब्लँक ०.०५, कर्व्हचा स्लोप ०.००८ दर मायक्रोमोलर, सॅम्पलचं रीडिंग ०.२९. वजा करून ०.२४, भागिले ०.००८, म्हणजे ३० मायक्रोमोलर. सॅम्पल पातळ केलं असेल तर तेवढ्याने गुणा. दोन-अडीच मायक्रोमोलरच्या खालच्या आकड्यावर या पद्धतीत विश्वास ठेवायचा नाही, तिथे "मोजता येण्याच्या मर्यादेखाली" असं लिहायचं, ०.७३ विरुद्ध ०.४१ असा बार ग्राफ काढून वर स्टार लावायचा नाही.

पेशी कुठल्या घ्यायच्या? सवयीने सगळे उंदराच्या मॅक्रोफेज रॉ २६४.७ घेतात, पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीतून मिळतात, आणि एलपीएस १०० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिली दिलं की २४ तासांत नायट्राइट छान वर जातं. बोनस म्हणून इंटरफेरॉन गॅमा दिलं तर अजून. पण लक्षात घ्या की या आतड्याच्या पेशी नाहीत, मॅक्रोफेज आहेत, आणि उंदराच्या आहेत. "मग मी माणसाच्या टीएचपी-१ घेते" असं म्हणणारी मंडळी पुढच्या आठवड्यात मेसेज करतात की रंगच येत नाहीये. येणारच नाही फारसा, माणसाच्या मॅक्रोफेज डिशमध्ये एलपीएस दिलं तरी उंदरासारखा एनओ बनवत नाहीत, हा जुना आणि माहितीतला फरक आहे, तुमच्या हाताचा दोष नाही. माणसाच्या आतड्याच्या एपिथेलियमचंच काही दाखवायचं असेल तर डीएलडी-१ सारखी कोलनची सेल लाइन घ्या आणि एकटं एलपीएस नाही तर इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ असं मिश्रण द्या. सायटोकाइन महाग पडतात हे खरंय, मग निदान टायटलमध्ये "कोलायटिस" शब्द टाकताना जरा विचार करा.

अर्क टेस्ट करणाऱ्यांसाठी आता, कारण खरी गंमत इथेच होते.

पहिलं म्हणजे रंग. हळद, मंजिष्ठा, बीट, जांभूळ, काहीही घ्या, अर्काला स्वतःचा रंग असतो. त्यामुळे प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला एक वेगळा वेल ठेवा ज्यात अर्क आणि मीडियम आहे, ग्रीसमधलं ॲसिड आहे पण एनईडी नाही, आणि त्याचं रीडिंग वजा करा. मीडियमही शक्यतो फिनॉल रेड (मीडियमला लाल रंग देणारा इंडिकेटर) नसलेला घ्या.

दुसरं, अर्क रिॲक्शनच बिघडवतो. व्हिटॅमिन सी, पॉलिफिनॉल, थायॉल असलेली कुठलीही गोष्ट ॲसिडमध्ये नायट्राइट खाऊन टाकते, म्हणजे पेशींनी एनओ पूर्ण बनवला, नायट्राइट झालं, आणि तुमच्या प्लेटमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत अर्काने ते गायब केलं. तुम्हाला वाटतं औषध काम करतंय. हे पकडायचं कसं तर सोपं आहे, पेशी नसलेल्या मीडियममध्ये २५ मायक्रोमोलर सोडियम नायट्राइट टाका, त्यात अर्क टाका, ग्रीस करा. २५ च्या आसपास आलं तर ठीक. १४ आलं तर तुमचा "परिणाम" टेस्टट्यूबमधला आहे, पेशीतला नाही. ही एक ओळीची टेस्ट फार थोड्या थिसिसमध्ये दिसते आणि मला त्याचं खरंच आश्चर्य वाटतं, खर्च शून्य आहे हो.

तिसरं, पेशी मेल्या. मेलेली मॅक्रोफेज एनओ बनवत नाही हे सांगायला संशोधन लागत नाही. त्याच प्लेटच्या पेशींवर (मीडियम ग्रीससाठी काढून घेतल्यावर) एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत ते दाखवणारी टेस्ट) करा आणि जिथे जिवंतपणा ८०-८५ टक्क्यांच्या खाली गेलाय ती कॉन्सन्ट्रेशन एनओच्या ग्राफमधून काढून टाका. उलटही होतं, घरच्या घरी काढलेल्या अर्कात बॅक्टेरियाचं एलपीएस असू शकतं आणि मग एलपीएस न देताही नुसत्या अर्कानेच नायट्राइट वाढतं. म्हणून "फक्त अर्क" हा कंट्रोल पाहिजेच.

चौथं, पॉझिटिव्ह कंट्रोल. एल-नेम तिन्ही नॉस कमी-जास्त अडवतं, १४०० डब्ल्यू नावाचं आय-नॉससाठी बरंच नेमकं आहे. डेक्सामेथासोन ठेवलं तर अजून छान, कारण ते एन्झाइम अडवत नाही, आय-नॉस बनणंच थांबवतं, आणि म्हणून एलपीएसच्या आधी द्यावं लागतं. एलपीएस देऊन १२ तासांनी दिलं तर आधी बनून बसलेल्या एन्झाइमचं ते काही करू शकत नाही. हाच डाव तुमच्या अर्कावरही खेळा: एकदा एलपीएसच्या आधी द्या, एकदा १२ तासांनी. दोन्हीकडे नायट्राइट सारखंच पडलं तर तो आय-नॉस बनू देत नाही असं म्हणता येणार नाही, वेस्टर्न ब्लॉट न करताही तुम्हाला दिशा कळते.

आणि हो, फार्मसी कॉलेजात सोडियम नायट्रोप्रुसाइडवाली जी एनओ स्कॅव्हेंजिंग टेस्ट करतात तिच्यात पेशी नाहीत, एन्झाइम नाही, आतडं तर लांबच. ती करा, टेबल भरायला बरी, पण तिच्या जोरावर "कोलायटिसमध्ये उपयुक्त" लिहू नका.

मीडियम-बफरमधल्या दोन लपलेल्या गोष्टी. बफरमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम अझाइड असेल तर ॲसिडमध्ये ते नायट्राइट मारतं, सगळी प्लेट पांढरी. आणि आरपीएमआय १६४० मध्ये कॅल्शियम नायट्रेट मुळातच घातलेलं असतं, साधं ग्रीस करताना त्रास नाही, पण पुढे नायट्रेटही मोजायला गेलात की बॅकग्राउंडच एवढं मोठं निघतं की पेशींचं काही दिसत नाही. नायट्रेट मोजायचं ठरलेलं असेल तर पहिल्या दिवसापासून डीएमईएम घ्या.

प्राण्यांवर जाणार असाल तर आयएईसीची (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची) परवानगी आधी, हे सांगायला नको. उंदरांत कोलायटिस घडवायचं डीएसएस मॉडेल म्हणजे पिण्याच्या पाण्यात २ ते ३ टक्के डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, मॉलिक्युलर वेट ३६ ते ५० हजारवालं, ५ ते ७ दिवस. बॅच बदलली की तीव्रता बदलते, म्हणून सगळ्या ग्रुपना एकाच लॉटचं द्या. रोज वजन, शी किती पातळ, रक्त किती याचा स्कोअर, शेवटी कोलनची लांबी. आता टिश्यूतलं नायट्राइट. कोलन उघडून थंड पीबीएसने नीट धुवा, आतली घाण राहिली तर तुम्ही बॅक्टेरियाचं आणि खाण्यातलं नायट्राइट मोजताय. थंड पीबीएसमध्ये होमोजिनाइझ, ४ डिग्रीला १२,००० जी वर १५ मिनिटं, वरचं पाणी १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून. फिल्टर आधी पाण्याने दोनदा धुवा, काही फिल्टरमध्येच नायट्राइट-नायट्रेट असतं. प्रोटीन काढायला टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) वापरू नका, ॲसिडमध्ये नायट्राइट उडून जातं.

डीएसएसमधली खास अडचण म्हणजे रक्त. कोलायटिसवाल्या उंदरांचं कोलन रक्ताळलेलं, कंट्रोलचं स्वच्छ, आणि ऑक्सिहिमोग्लोबिनचा एक पीक बरोब्बर ५४१ नॅनोमीटरच्या जवळ बसतो, म्हणजे तुम्ही रीडिंग घेताय तिथेच. फिल्टर न करता होमोजिनेट थेट टाकलं तर "कोलायटिस ग्रुपमध्ये एनओ प्रचंड वाढला" असा सुंदर ग्राफ मिळतो जो प्रत्यक्षात रक्तस्रावाचा ग्राफ असतो. वर त्याच हिमोग्लोबिनने एनओचं नायट्रेट केलेलं असतं जे ग्रीसला दिसत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. म्हणून टिश्यूमध्ये आणि प्लाझ्मामध्ये नुसतं नायट्राइट मोजून भागत नाही, नायट्रेटचं नायट्राइट करून दोन्हींची बेरीज मोजा. (निरोगी माणसाच्या प्लाझ्मात नायट्राइट एक मायक्रोमोलरच्याही खाली असतं, साध्या ग्रीसच्या आवाक्याबाहेर, नायट्रेट मात्र दहा-वीस-चाळीस असं असतं.)

त्यासाठी व्हॅनेडियम क्लोराइड सोपं: १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ०.८ टक्के. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर सॅम्पल, १०० व्हॅनेडियम, लगेच ५०-५० दोन्ही ग्रीस रिएजंट, ३७ डिग्रीला ३० ते ४५ मिनिटं, ५४० ला रीडिंग. इथे स्टँडर्ड सोडियम नायट्रेटचं लावा. नायट्रेट रिडक्टेज एन्झाइमचं किटही मिळतं, पण त्यातलं उरलेलं एनएडीपीएच ग्रीसमध्ये अडथळा आणतं आणि ते संपवायला अजून एक एन्झाइम लागतं, बजेट असेल तर करा. रक्त गोळा करताना हेपरिन टाळा, ग्रीसच्या ॲसिडमध्ये गाळ धरतं. आकडा शेवटी प्रोटीनवर भागा, म्हणजे ३० मायक्रोमोलर म्हणजे ३० नॅनोमोल प्रति मिली, प्रोटीन मिलीला ६ मिलिग्रॅम असेल तर ५ नॅनोमोल प्रति मिलिग्रॅम. आणि उंदरांच्या खाद्यातही नायट्रेट असतं, आजारी उंदीर कमी खातो, म्हणून प्लाझ्मा घेण्याआधी सगळ्या ग्रुपना सारखे तास उपाशी ठेवा.

हे सगळं नीट झालं, आकडा खरा निघाला, अर्काने नायट्राइट खरंच उतरवलं. मग? चांगलं की वाईट?

आय-नॉस नसलेल्या नॉकआउट उंदरांवर लोकांनी कोलायटिसची वेगवेगळी मॉडेल करून बघितली आहेत आणि उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे उंदीर बचावले, कुठे सूज उलट वाढली. ई-नॉस काढलं तर मात्र डीएसएसने होणारा कोलायटिस जास्त तीव्र होतो. याचा अर्थ असा लावतात, आणि मला तो पटतो, की रक्तपुरवठा आणि म्यूकस सांभाळणारा थोडा एनओ आतड्याला हवाच आहे, आय-नॉसचा पूर आला आणि शेजारी सुपरऑक्साइडही असला तर पेरॉक्सिनायट्राइट होऊन प्रोटीनच्या टायरोसिनवर नायट्रो गट चिकटतो, पेशींची जोडणी ढिली होते. चावी उघडी राहिली म्हणून नळच कापून टाकायचा नसतो, तसं. त्यामुळे एल-नेमसारखं सरसकट सगळं बंद करणारं औषध दिलं आणि नायट्राइट शून्यावर आलं, तर त्याला बरं झालं म्हणता येत नाही.

अजून एक बाजू २०१३ मध्ये समोर आली जी मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात भारी वाटते. सुजलेल्या आतड्यात आय-नॉसच्या एनओपासून जे नायट्रेट बनतं ते ई. कोलाय श्वासासाठी वापरतो. आतड्यातल्या बहुतेक रहिवासी जंतूंना हे जमत नाही, ते फर्मेंटेशनवर जगतात, त्यामुळे सूज आली की ई. कोलायची चंगळ होते आणि बाकीचे मागे पडतात. म्हणजे तुम्ही जे नायट्रेट "शेवटचा निरुपद्रवी पदार्थ" म्हणून बेरजेत धरलं तेच कुणाचं तरी जेवण आहे. डिस्कशनमध्ये हा मुद्दा घाला, आणि जमलं तर शीमधल्या ई. कोलायचा मॅकॉन्की आगरवर काउंट करा, फारच स्वस्त प्रयोग आहे आणि थिसिसला एकदम वजन येतं.

नायट्राइटच्या जोडीला किमान एक गोष्ट अशी मोजा जी थेट सूज सांगते: एमपीओ (न्यूट्रोफिल पेशींमधलं मायलोपेरॉक्सिडेज एन्झाइम), हिस्टॉलॉजीचा स्कोअर, टीएनएफ. बजेट असेल तर ३-नायट्रोटायरोसिनचं स्टेनिंग, कारण पेरॉक्सिनायट्राइटची खूण तिथे टिकून राहते. नायट्राइट उतरलं, एमपीओ उतरलं, कोलनची लांबी टिकली, तर बोला. नुसतं नायट्राइट उतरलं आणि कोलन तेवढंच आखडलेलं असेल तर तेही लिहा, तो निकालच आहे.

कोलायटिसचे पेशंट किंवा त्यांच्या घरचे कुणी शोधत शोधत इथवर आले असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात: वरचं सगळं लॅबचं आहे, यावरून बीटचा ज्यूस, आर्जिनिनची पावडर किंवा "एनओ बूस्टर" सुरू किंवा बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. सूज किती आहे हे बघायला दवाखान्यात ग्रीस टेस्ट करत नाहीत, शीमधलं कॅलप्रोटेक्टिन आणि कोलोनोस्कोपी बघतात.

मटेरियल्स अँड मेथड्समध्ये एवढं तरी नक्की टाका: मीडियमचं नाव आणि फिनॉल रेड होतं की नाही, स्टँडर्ड कशात बनवलं, अर्काचा कलर ब्लँक आणि २५ मायक्रोमोलरची रिकव्हरी किती टक्के आली, एमटीटीचे आकडे, एलपीएस कुठल्या स्ट्रेनचं आणि लॉट नंबर. आणि व्हॅनेडियमचं सोल्यूशन सिंकमध्ये ओतू नका, हेवी मेटल वेस्टच्या वेगळ्या बाटलीत जमा करा, त्यावर तारीख आणि नाव टाकून.